आजोबांची खतावणी आणि चारचा बेस (आठवडा ६ वा)

मंडळी, हेक्साडेसिमल (१६ च्या बेसची, म्हणजे १६-१६ च्या गटांनी मोजायची पद्धत) शिकतोय त्याबद्दल दोन आठवडे काही टाकलं नाही कारण अडकलो होतो, आणि तेही साध्या बेरजेत. रविवार कारंजाच्या घरी माळ्यावर आजोबांची १९५२ ची खतावणी (हिशोबाची वही) सापडली, म्हटलं १६ आण्यांचा रुपया म्हणजे आयतंच हेक्साडेसिमल, सरावाला बरं. आत्या वाचून सांगत होत्या आणि मी एक्सेलमध्ये टाकत होतो, ५ रुपये ७ आणे म्हणजे ५.७, ३ रुपये १३ आणे म्हणजे ३.१३. बेरीज ८.८३. हसून घ्या. खरं उत्तर ९ रुपये ४ आणे.

मग लॅपटॉप बंद करून आत्यांच्या शेजारी बसलो. वहीत आणे आकड्यात नाहीतच, रेघा आहेत. उभी रेघ म्हणजे पावली (चार आणे), आडवी म्हणजे आणा. ७ आणे म्हणजे एक उभी तीन आडव्या, १३ म्हणजे तीन उभ्या एक आडवी. आत्या म्हणाल्या, "चार आडव्या झाल्या की एक उभी, चार उभ्या झाल्या की रुपया, हातचा धर आणि पुढे चल. एवढं येत नाही अन् कम्प्युटरवाला म्हणवतोस?"

आणि तिथे ट्यूब पेटली. हा १६ चा बेस नाहीच, ४ चा बेस आहे, दोनदा लावलेला! चारच्या बेसमधले दोन अंक म्हणजे हेक्सचा एक अंक, आणि चारच्या बेसमधल्या प्रत्येक अंकाचे दोन बिट (० किंवा १). ७ म्हणजे ०१ ११, १३ म्हणजे ११ ०१. आता 'डी' (हेक्समध्ये १० ते १५ ला ए ते एफ लिहितात, डी म्हणजे १३) दिसला की मी बोटं मोजत नाही, तीन पावल्या एक आणा, संपलं. शून्य ते एफ जवळपास पाठ झालंय, फक्त बी आणि ई ला अजून अडखळतो.

पण खरी गंमत ८ आण्याला. दोन उभ्या रेघा, बस. आपण चारच्या बेसमध्ये २० लिहू, शून्य लागतंच, इथे लागत नाही कारण रेघ उभी की आडवी यावरूनच किंमत कळते, ती कुठल्या जागी आहे याला अर्थ नाही. म्हणजे बेस आहे पण स्थानिक किंमत नाही! मी इतकी वर्षं या दोन गोष्टी एकच समजत होतो.

मग जुने आकडे बघायला रविवारी मुद्दाम नाशिकची पांडवलेणी चढलो (घाम निघाला, वय झालं). १० नंबरच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे, त्यात ७०००० कार्षापणांचं (चांदीच्या नाण्यांचं) दान, ३५ ला एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) या दराने २००० सुवर्ण. आकडे दहाच्याच हिशोबातले, पण ७ चं चिन्ह वेगळं, ७० चं वेगळं, आणि ७०००० म्हणजे हजाराच्या चिन्हाला ७० चं चिन्ह जोडलेलं. शून्य कुठेच नाही. आत्यांच्या रेघांसारखंच, चिन्हच आपली किंमत सांगतं.

पुढचं काम पईचं, १२ पईचा आणा, तिथे चार-चार चालत नाही. शिवाय ट्रंकेत १९५७ ची वही पण निघालीय, १ एप्रिलला नवे पैसे आले त्या सालची. आण्याचे होतात सव्वासहा पण मिळायचे सहाच, आणि तो पाव पैसा कुणाच्या गल्ल्यात गेला हे आत्या अजून विचारतात.