एडिटरमधल्या काही ओळी कुलूपबंद करताना

कोथरूडला माझी वहिनी आठवी-नववीच्या मुलांना जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. सरावासाठी ब्राउझरमध्येच चालणारा, कोड लिहायचा एक एडिटर मी तिला करून दिला होता. वर क्लास आणि मेन मेथडचा सांगाडा तयार असतो, मधल्या पाच-सहा ओळी मुलांनी लिहायच्या.

एका शनिवारी मी मुलांच्या मागेच बसलो होतो. एका मुलीनं आपली ओळ खोडताना बॅकस्पेस जरा जास्त वेळ दाबून धरला आणि मेनच्या ओळीतला शेवटचा महिरपी कंस गेला. कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, सेमीकोलन मागायला लागला. तिनं सेमीकोलन दिला, तर एरर पुढच्या ओळीवर. “दादा, मी वरचं काहीच बदललं नाही हो,” म्हणताना ती रडवेली झाली होती. तिनं लिहिलेलं लूप अगदी बरोबर होतं. त्याच रात्री ठरवलं, सांगाड्याला हात लागता कामा नये.

पहिला प्रयत्न सोपा वाटला: कर्सर बंद ओळीवर असेल तर बटण दाबलेलं अडवायचं. लॅपटॉपवर चाललं. पण पेस्ट, माउसनं ओढून टाकलेला मजकूर, आपोआप सुचवलेले शब्द, यातलं काहीच बटणातून येत नाही. निम्मी मुलं तर फोनवर सराव करतात. अँड्रॉइडच्या कीबोर्डवर बहुतेक वेळा कोणतं बटण दाबलं ते ब्राउझरला कळतच नाही, २२९ हा एकच आकडा येतो. तो मार्ग तिथेच सोडला.

मग तयार मिळणारे एडिटर बघितले. मोनॅको, म्हणजे व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅमच्या पोटातला एडिटर, मोबाइल ब्राउझरसाठी नाही असं त्याचे कर्तेच सांगतात. शिवाय त्यातली ‘रीडओन्ली’ची, म्हणजे फक्त वाचू देण्याची, सोय सगळ्या एडिटरला लागते, निवडक ओळींना नाही. म्हणून कोडमिरर ६ हा दुसरा एडिटर घेतला. त्यात मजकुरातला प्रत्येक बदल, मग तो कुठूनही येवो, एका व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शन) रूपात येतो आणि सहसा ‘चेंजफिल्टर’ नावाच्या चाळणीतून जातो. चाळणीनं आकड्यांच्या जोड्या परत द्यायच्या. [१०, २०, १००, ११०] दिलं की १० ते २० आणि १०० ते ११० या अक्षरांमधले बदल गाळले जातात, बाकीचे होतात. सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलं तरी फक्त मुलांचा भाग पुसला जातो, सांगाडा जागच्या जागी. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फार बरं वाटलं.

खरा वेळ मात्र कडांनी खाल्ला. बंद ओळी मी ओळक्रमांकानं लक्षात ठेवल्या होत्या. मुलानं मध्ये एक ओळ वाढवली की शेवटचा कंस एक घर खाली सरकायचा. कुलूप मुलाच्याच ओळीला लागायचं आणि कंस मोकळा. मग जागा अक्षरांच्या मोजणीत ठेवल्या आणि प्रत्येक बदलाबरोबर त्या पुढे सरकवल्या. मोकळ्या भागाची सुरुवात डावीकडे आणि शेवट उजवीकडे चिकटून राहील हे बघावं लागतं, नाहीतर अगदी काठावर टाइप केलेलं अक्षर बंद भागात जातं आणि मुलाला ते पुन्हा खोडता येत नाही. बंद ओळीच्या शेवटचं नवओळीचं अक्षरही कुलपात घ्यावं लागतं. ते राहिलं होतं, म्हणून मोकळ्या भागाच्या पहिल्या अक्षराआधी बॅकस्पेस मारला की मुलाची ओळ थेट मेनच्या कंसाला जाऊन चिकटायची. बोट तेच, जागाही तीच, त्या मुलीची.

आणखी एक गोष्ट दोन दिवसांनी सापडली. सराव बदलला की नवा सांगाडा मी चालू एडिटरमध्येच भरत होतो. कंट्रोल-झेड दाबलं की तो गायब! अनडू या चाळणीतून जातच नाही, आणि माझं भरणंही त्याच्या इतिहासात नोंदलं जात होतं. आता प्रत्येक सरावाला एडिटरची नवी कोरी अवस्था तयार करतो. मागे जायला काही उरतच नाही.

बंद ओळींना फिकट राखाडी पार्श्वभूमी दिली. त्याआधी दोघांना कीबोर्डच बिघडला असं वाटलं होतं.

हे सगळं ब्राउझरातलं. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडणारा मुलगा ते काढून टाकू शकतो, आणि नववीत असा एखादा असतोच. त्यामुळे सर्व्हरवर आता पूर्ण फाइल घेतच नाही. मुलानं लिहिलेला मधला तुकडा तेवढा येतो, तिथल्या मूळ सांगाड्यात बसवला जातो आणि मगच कंपाइल होतो.

पुढच्या शनिवारी ती मुलगी पुन्हा बॅकस्पेस दाबून बसली होती. ओळ पुसली गेली, कर्सर कंसाच्या खाली येऊन थांबला. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही, लूप पुन्हा लिहायला घेतलं.