मागांच्या घरघरीत गिटारचा आवाज

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत सकाळी माग सुरू झाले की रात्रीपर्यंत थांबत नाहीत. भिंतीला भिंत लागून घरं आणि त्यातल्या कितीतरी घरांत यंत्रमाग. अशा ठिकाणी राहून घरात इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करतो म्हटलं की पुण्या-बंगळुरातले मित्र पहिला प्रश्न विचारतात, "खोली साउंडप्रूफ केलीस काय?" केलेली नाही, आणि गिटारसाठी साउंडप्रूफिंगची फारशी गरजही पडत नाही. तारांचा आवाज उचलणारा गिटारवरचा पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. तारेखाली चुंबक असतं, त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. शेजारचा माग कितीही खडखडू दे, ती खडखड पिकअपला कळत नाही. त्या मागाची मोटर मात्र कळते.

म्हणून आमच्याकडे चांगल्या आवाजाची सुरुवात घुं, म्हणजे विजेची सततची गुणगुण, घालवण्यापासून होते. माझ्या गिटारला तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेकच गुंडाळीचे, पिकअप आहेत. घरातल्या वायरिंगचं, मोटरींचं, स्वस्त एलईडी दिव्यांचं जे काही ५० हर्ट्झचं क्षेत्र खोलीत पसरलेलं असतं ते सगळं हे पिकअप इमानाने गोळा करतात. १९५५ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी हंबकर या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच दुखण्यावर. दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट, त्यांची चुंबकंही उलट, त्यामुळे बाहेरून आलेली घुं एकमेकींत खपते आणि तारेचा आवाज तेवढा बेरीज होऊन पुढे जातो. सिंगल कॉइलवाल्यांनी मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे का ते एकदा बघावं. असेल तर पाच खटक्यांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी घुं जवळजवळ जाते.

बाकीच्या जागांसाठी दिशा शोधायची. फिरत्या खुर्चीवर बसा, गेन, म्हणजे सिग्नल मोठा करणारा नॉब, वाढवा, तारा हाताने दाबून गप्प ठेवा आणि हळूहळू गोल फिरा. एका कोनात घुं एकदम खाली बसते. माझ्या खोलीत तो कोन खिडकीकडे पाठ करून थोडा उजवीकडे आहे, शहाबादी फरशीवर खडूने खूण केली आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला तर वरची चिरचिर बरीच कमी होते. मोबाइल गिटारपासून लांब.

अर्थिंगबद्दल मात्र कळकळीने सांगतो. आमच्यासारख्या जुन्या घरांत प्लगला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्याच्या मागे वायर असतेच असं नाही. आम्ही वायरमनला बोलावून परसात खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घालून नवं अर्थिंग करून घेतलं. त्या एका कामाने आवाजात जो फरक पडला तो कुठल्याही पेडलने पडला नसता. अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, प्लगची अर्थची पिन काढली की घुं जाते असं कुणी सांगेल. ते कधीही करू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर तारांवर ठेवलेल्या तुमच्या हातातून वीज जाईल. पोरांच्या हातात गिटार देणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

आता गिटार इंटरफेसला, म्हणजे लॅपटॉपला आवाज पोचवणाऱ्या पेटीला, जोडायची. तिथं इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड असं बटण असतं, ते दाबायला विसरू नका. साध्या पिकअपला पुढे साधारण १० लाख ओहमचा रोध लागतो. लाइनच्या इनपुटमध्ये तो बहुतेक वेळा त्याहून फारच कमी, दहा-वीस हजार ओहमच्या आसपास असतो, त्यात गिटारचा वरचा उजेड जातो आणि नंतर कितीही ट्रेबल वाढवला तरी तो परत येत नाही. केबलही लांबलचक नको, घरात तीन मीटर पुरते. लेव्हल ठेवताना जोरात वाजवून उणे १० डेसिबलच्या आसपास टोक येईल असं ठेवतो. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना काठापर्यंत भरायची काहीच गरज नसते.

तारांबद्दल थोडक्यात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, खानापूरच्या बाजूला तर कपडे वाळत नाहीत. त्या दिवसांत तारा लवकर गंजतात, गंजलेली तार मेलेली वाजते आणि नेकही थोडी हलते. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नव्या तारा, मग बाराव्या फ्रेटवर सूर तपासणं. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा, म्हणजे तिथंच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा, चढा आला तर सॅडल (तार टेकते तो खालचा तुकडा) मागे, उतरा आला तर पुढे. इतकं झालं की गाणं वाजवून घ्यायचं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. माझं मत असं की घरच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारचा आवाज ठरतो तो साखळीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे स्पीकर आणि त्याच्यासमोरच्या माइकपाशी. लोक पैसे मात्र घालतात सुरुवातीच्या टोकाला. नवी गिटार, नवं पेडल, नवे पिकअप. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजातून, निघणारा सगळा किरकिरा कचरा तोच गाळतो. डिस्टॉर्शन पेडल सरळ इंटरफेसला जोडून ऐकलंत तर मी काय म्हणतोय ते एका सेकंदात कळेल, कान किटतात.

माझे मामा गातात. त्यांचा तानपुरा जवारीसाठी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून सूर उघडून घेण्यासाठी, मिरजेला न्यायचा असला की मीच बरोबर जायचो. बेळगावहून गाडीत बसलं की मिरज काही लांब नाही. तिथला कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवायचा, तार छेडायचा, ऐकायचा, पुन्हा फिरवायचा. डोळे भलतीकडेच. शेवटी तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला की सगळा तानपुरा उघडायचा, आणि अजून जरा पुढे गेला की बंद. कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, त्यांच्या तानपुऱ्यांच्या सुरेलपणाबद्दल इथली जुनी माणसं अजून बोलतात. स्पीकरसमोर माइक सरकवताना मला तो दोराच आठवतो. अंतर तेवढंच असतं आणि फरकही तेवढाच पडतो.

माझ्याकडे शूरचा एसएम ५७ आहे. १९६५ पासून हा माइक बाजारात आहे आणि गिटार अँपसमोर जगभर लावला जातो. पद्धत सांगतो. अँप खुर्चीवर ठेवायचा, फरशीवर नको, फरशीमुळे खालचे सूर फुगतात. दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च जाळीच्या कापडावर टेकवला की आतला शंकू दिसतो आणि त्याच्या मध्यावरच्या गोल टोपीची कडही दिसते. त्या कडेवर मी कापडावर पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवलाय. अँप आतल्या खोलीत, मी बाहेर बंद हेडफोन घालून गिटार वाजवत बसतो आणि भाची आत माइक हळूहळू सरकवते. टोपीच्या बरोबर मध्यावर असताना आवाज चरचरतो, पिकचं प्रत्येक टोक टोचतं. पट्टीच्या तुकड्यावर आला की ती टोच जाते आणि मधला भाग पुढे येतो. तिथून दोन बोटं बाहेर गेला की आवाज गोल होतो, क्लीन कॉर्डला तो फार सुंदर लागतो, पण जड रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा ठसक्याचा तुकडा, तिथं चिखल होतो. "तिथंच थांब" म्हणून ओरडलं की ती स्टँडचा स्क्रू आवळते. कुठल्याही नॉबला हात न लावता एवढं सगळं बदललेलं असतं.

जाळीपासूनचं अंतरही असंच. अगदी चिकटवला तर बेस वाढतो, या जातीच्या माइकचा तो स्वभावच आहे. चार बोटं मागे घेतला की बेस आवरतो, पण मग खोली ऐकू यायला लागते, आणि दहा बाय बाराच्या खोलीचा आवाज कुणालाच ऐकायचा नसतो. अशा वेळी अँपच्या मागे आणि बाजूला वाकळ टाकतो. आजीच्या हातच्या जाड वाकळा या कामाला बाजारच्या फोमपेक्षा मला जास्त आवडतात.

एक गोष्ट फार कमी जण करतात. अँपचे नॉब उभं राहून लावू नका. स्पीकर गुडघ्यांपाशी असतो, त्याचा तिखट भाग सरळ पुढे जातो आणि तुमच्या कानाला चुकतो. तुम्ही ट्रेबल वाढवता, माइकला मात्र तो तिखटपणा समोरून मिळतो. आवाज बारीक करून खाली बसा, कान स्पीकरच्या उंचीला आणा आणि मग ट्रेबल लावा. बहुतेक वेळा तो खालीच यावा लागेल.

बाळंतीण असलेल्या घराशेजारी अँप लावता येत नाही, परीक्षेच्या दिवसांतही नाही. पाच वॅटचा व्हॉल्व्ह अँप घेतला म्हणजे प्रश्न सुटेल असं वाटतं, पण पाच आणि पन्नास वॅटमध्ये फरक १० डेसिबलचाच, म्हणजे कानाला साधारण दुप्पट. पाच वॅटचा अँपही पूर्ण उघडला तर अख्खी गल्ली जागी होते. तेव्हा मी लॅपटॉपमधला अँप वापरतो. न्यूरल अँप मॉडेलर हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि मनापासून सांगतो, उत्तम आहे. पण तिथंही नियम तोच. अँपचं मॉडेल बदलत बसण्याआधी स्पीकरचा इम्पल्स रिस्पॉन्स बदलून बघा. ती छोटी फाइल म्हणजे एक स्पीकर आणि त्याच्यासमोर एका ठराविक जागी ठेवलेला एक माइक. एकच अँप, दोन वेगळ्या फाइली, आणि दोन वेगळ्या गिटारी वाटाव्यात इतका फरक. शेकडो फाइली उतरवून घेऊ नका. मी मोजक्याच ठेवल्यात, त्या कानाला पाठ झाल्यात, म्हणून काम भराभर होतं.

आता गेन. आमचा ड्रमर निपाणीचा, त्याचे कान पक्के. परवा गणपतीसाठी बसवलेलं गाणं ऐकून म्हणाला, "गिटार नुसती ऐकली की भारी वाटालीय गा, गाणं सुरू झालं की सापडंना." त्याचं निदान अचूक होतं. डिस्टॉर्शन वाढत गेलं की हळू आणि जोरात वाजवलेलं एकाच उंचीला येतं, पिकचा ठोका पुसतो, आणि ढोलाच्या मागे गिटारची नुसती भिंत उरते. गेन खोलीत बसून बरा वाटतो त्याहून बराच खाली आणला. जाडी हवी होती ती तोच भाग पुन्हा वाजवून मिळवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही वेळा खरोखर वाजवायचं. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्ही बाजूंना ठेवला तर आवाज मध्येच राहतो, फक्त मोठा होतो. दोन वेळच्या हातांतला जो बारीक फरक असतो त्यानेच रुंदी येते. दुसऱ्या वेळी पिकअप बदलला तर अजून चांगलं.

मग खालून साधारण ९० हर्ट्झपर्यंत कापलं. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे मूळ सुराच्या थोडं वरपर्यंत कात्री गेली, पण तिथं बेस गिटार आणि ढोल आधीच बसलेले आहेत. एकटी ऐकली तर आता ती जरा पातळ वाटते. गाण्यात मात्र प्रत्येक कॉर्ड ओळखू येते. ४०० च्या आसपास थोडं कमी केलं, कारण गायकाचा आवाज तिथं जड आहे. बाकी इक्वलायझरला हात लावला नाही, माइकची जागा नीट असली की त्याची फार वेळ गरज पडत नाही.

अँपने रेकॉर्ड करा नाहीतर लॅपटॉपने, गिटारचा कोरा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर नेहमी ठेवा. त्या गणपतीच्या गाण्याचं मधलं सोलो मी रात्री साडेअकराला हेडफोनवर वाजवलेलं होतं. हात त्या रात्री जसा चालला तसा तो पुन्हा चालेल याची खात्री नव्हती, पण लॅपटॉपमधला स्पीकर त्या जागी मला पटत नव्हता. रविवारी दुपारी माग बंद होते, शेजारी लग्नाला गेले होते. तोच कोरा ट्रॅक रीअँप बॉक्समधून, म्हणजे रेकॉर्ड केलेला सिग्नल गिटारसारखा करून देणाऱ्या डबीतून, अँपला दिला, भाचीने माइक पट्टीच्या तुकड्यापासून बोटभर बाहेर लावला, आणि सोलो नव्याने न वाजवता खऱ्या स्पीकरमधून रेकॉर्ड झालं. ड्रमरला पाठवलंय. त्याला आता ताशा अजून वर हवाय, त्यावर आमचं बोलणं चालू आहे.