माझा अनुभव: डीटीटीसी ही स्पीच थेरपीची पद्धत शिकले इंग्रजीत, करायचं होतं मराठीत

कोथरूडला माझं छोटं स्पीच थेरपी क्लिनिक आहे. बीएएसएलपी, म्हणजे स्पीच थेरपीची डिग्री, होऊन बरीच वर्षं झाली, ‘अजून बोलत नाही’ म्हणून आलेली मुलं भरपूर बघितली. बहुतेकांचं मार्गी लागतं, कुणाला र येत नसतो, कुणाच्या क चा त होत असतो, काही महिन्यांत सुधारतं. पण अधूनमधून एखादं मूल असं येतं की त्याला सगळं कळतं, चप्पल आण म्हटलं की आणतं, हातवारे करून अख्खी गोष्ट सांगतं आणि बोलायला गेलं की काहीच हाती लागत नाही. ‘पाणी’ म्हण म्हटलं की एकदा ‘बाई’, परत विचारलं की ‘नानी’, मग नुसतंच ‘आ’. हा चाइल्डहूड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच. स्नायूंत कमजोरी नसते, ओठ-जीभ-जबडा कुठून कुठे न्यायचा याचं मेंदूतलं प्लॅनिंग गडबडतं. म्हणून एकच शब्द दर वेळी वेगळा चुकतो, एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना अडखळायला होतं, आणि बोलण्याची चालही बिघडते. अमेरिकेतल्या आशाने, म्हणजे तिथल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने, 2007 च्या रिपोर्टमध्ये हीच तीन लक्षणं धरली आहेत. प्रमाण साधारण हजारात एक-दोन सांगतात.

धायरीहून एक साडेचार वर्षांचा मुलगा यायला लागला तेव्हा ठरवलं की आता यासाठी वेगळं ट्रेनिंग घ्यायचंच. प्रॉम्प्ट नावाची पद्धत बघितली, त्यात मुलाच्या चेहऱ्याला-जबड्याला हात लावून हालचाल दाखवतात, त्याचं वर्कशॉप करावं लागतं आणि फी बघून मी लॅपटॉप बंद केला. सिडनी युनिव्हर्सिटीचं रेस्ट, अशीच आणखी एक पद्धत, बघितलं, ते छान आहे पण त्यात निरर्थक शब्द म्हणायचे असतात, एका सेशनला शंभर वेळा, आठवड्यातून चारदा, तीन आठवडे, आणि ते साधारण चार ते बारा वयाच्या, थोडंफार बोलणाऱ्या मुलांसाठी. आमच्या पठ्ठ्याकडे अख्खा असा शब्दच नव्हता. मग राहिलं डीटीटीसी, डायनॅमिक टेम्पोरल अँड टॅक्टाइल क्यूइंग. मेयो क्लिनिकमध्ये काम केलेल्या एडिथ स्ट्रँड यांनी ते बसवलंय, मुद्दाम जास्त त्रास असलेल्या लहान मुलांसाठी, आणि त्यांचा ऑनलाइन कोर्स चक्क फुकट आहे. रात्री मुलगी झोपली की हेडफोन लावून बसायचे आणि व्हिडिओ मागे-पुढे करत बघायचे.

कागदावर सोपं वाटतं. शब्द मोजकेच घ्यायचे, पाच-सहा. आधी मुलाबरोबर एकत्र म्हणायचा, हळू, तोंड त्याला दिसेल असं. ते जमलं की तुम्ही म्हणा, मग लगेच तो. मग मध्ये एक-दोन सेकंद गॅप ठेवून. शेवटी तुम्ही काहीच न म्हणता नुसता प्रश्न विचारायचा आणि उत्तरात तो शब्द यायला हवा. अडकला की एक पायरी खाली, जमला की वर, हे दर वेळी त्या क्षणी ठरवायचं. हळू म्हणताना शब्द तोडायचा मात्र नाही, स्वर ओढायचा. ‘न... को’ नाही, ‘नऽऽकोऽ’. कारण शिकवायची आहे ती हालचाल, सुटे आवाज नाहीत.

खरी कसरत मराठीत सुरू झाली. कोर्समधले सगळे शब्द इंग्रजी, आणि ते काही भाषांतर करून चालत नाहीत कारण तोंडाची हालचालच बदलते. मी वहीत यादी करत बसले. ‘आई’ पहिला, त्यात जबडा पूर्ण उघडा असतो आणि तिथून ओठ फाकवत बंद होत जातो, नुसत्या दोन स्वरांचं काम. मग ‘दे’, ‘नको’, ‘ये ना’ आणि ‘मी पण’. ‘मी पण’ माझा सगळ्यात लाडका कारण साडेचार वर्षांच्या मुलाला दिवसभर तेच म्हणायचं असतं. पाणी मुद्दाम मागे ठेवलं, ण नंतर बघू.

मग चालीचा प्रश्न. इंग्रजीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर येतो याला फार महत्त्व, मराठीत तसा जोर बदलून अर्थ बदलत नाही. पण आपण सूर बदलतो की! ‘आई?’ ‘आईऽऽ!’ ‘दे.’ ‘दे ना गं.’ मग तेच घेतलं, एकच शब्द विचारून, रागावून, लाडात येऊन म्हणायचा. यात तो इतका रमला की रागावून ‘नको’ म्हणताना दर वेळी टेबलावर हात आपटायचा, आणि हात आपटला की शब्दही चांगला यायचा.

नियमाप्रमाणे सेशन छोटं पण आठवड्यातून बऱ्याचदा हवं. सिंहगड रोडचं ट्रॅफिक ज्यांना माहितीय त्यांना काय सांगायचं. मग आठवड्यातून दोनदा क्लिनिकमध्ये, बाकी दिवशी व्हिडिओ कॉलवर आजीबरोबर. आई-बाबा दोघं हिंजवडीला, खरा कोर्स आजींनीच केला म्हणा. सुरुवातीला त्या अजिबात पटवून घेत नव्हत्या. ‘अहो मॅडम, याचा बाबा पण पाच वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता.’ घरी वेखंड उगाळून मधातून चाटवणं चालू होतं. शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉ, मेणबत्ती विझवणं असा एक डबाच भरून आणला होता. फुंकायचा व्यायाम करून फुंकणं सुधारतं, बोलणं सुधारतं याला पुरावा नाही, आणि तरी आपल्याकडे अजून अर्ध्या ठिकाणी हेच देतात, यावर मी एरवी तासभर बोलू शकते. आजींना एवढंच म्हटलं, आजी, पोळी लाटायला शिकायची तर पोळीच लाटायला लागते ना, नुसतं मनगट फिरवून काय होणार. हसल्या, आणि डबा घरी गेला.

मोजायची युक्ती मात्र त्यांचीच. एकेका शब्दाचे भरपूर रिपिटेशन हवेत आणि मोजताना माझं लक्ष त्याच्या तोंडावरून हलायचं. आजींनी चिंचोके आणले, एकदा म्हटला की तो एक चिंचोका स्टीलच्या वाटीत टाकणार, टण्ण. पाचही शब्दांच्या वाट्या भरायच्या. खेळ पण झाला, हिशेब पण.

सोबत मुंबईच्या एका सीनियर ताईंना मी सेशनचे व्हिडिओ पाठवायचे, त्या रविवारी कॉलवर पॉज करत करत बघायच्या. त्यांचं एकच पालुपद: ‘इथे थांब. त्याला वेळ दे.’ आणि ‘शाब्बास जरा कमी.’ आधी प्रत्येक वेळी काय झालं ते सांगायचं, ओठ अजून मिटव वगैरे, पण जमायला लागलं की फीडबॅक कमी करत न्यायचा, नाहीतर मूल आपल्या तोंडाकडे बघत बसतं आणि स्वतःचं ऐकत नाही. शाब्बास कमी म्हणणं मला सगळ्यात जड गेलं, आपल्या अंगातच असतं ते.

आता तो ‘नको’ कुणालाही, कशालाही म्हणतो. आजींची तक्रार आहे की भाजीला पहिलं तेच येतं. ‘मी पण’ घरी आपणहून येतंय, बालवाडीत अजून नाही. नवीन शब्द घेतले की परत खालच्या पायरीपासून, फक्त आता वर चढायला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

कुणी थेरपिस्ट हे करणार असाल तर हाताशी एक तरी मूल असताना करा, आणि मराठी शब्दांची यादी आधीच करायला घ्या, माझी हवी असेल तर देते. थेरपिस्टांना शिकत राहण्यासाठी लागणारे सीआरई पॉइंट्स आरसीआयने, म्हणजे आपलं रजिस्ट्रेशन करणाऱ्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाने, मंजूर केलेल्या प्रोग्रॅमचेच मिळतात, त्यामुळे रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलसाठी पॉइंट्स वेगळे जमवायचेत हे धरून चला. मी पुढे रेस्ट करणार आहे, एक आठ वर्षांची मुलगी आलीय, बोलते भरपूर पण सगळं एका पट्टीत, आणि मराठीसारखे वाटतील असे निरर्थक शब्द बनवायला आत्ताच वही काढलीय.