गोलाईतली मोजणीवाली

ट्रायपॉडचे तीन पाय उघडून मी लातूरच्या गंजगोलाईत रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि दोन मिनिटांत पहिला प्रश्न आला, "ताई, मोजणी करायलालाव का?" चपलांच्या दुकानातले काका होते. दुकानाचा माल पार रस्त्यापर्यंत मांडलेला, आणि समोर एक बाई तीन पायांचं यंत्र लावून डोळा मिचकावून बघतीय म्हणल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार. मी म्हणलं नाही हो काका, फोटो काढतीय. तर म्हणे, "मंग मोबाईलमधी निघंना का?" आणि तरी जाता जाता पोराला सांगून सँडलच्या दोन रांगा आत घेतल्याच. विश्वास ठेवला नाही त्यांनी.

पण काकांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. मोबाईलमधी निघतोच की. आजकालचा नाईट मोड भारी असतो, बारके बारके बरेच फोटो काढून तो एकावर एक बसवतो आणि उजेड गोळा करतो. पण मला हवं होतं ते वेगळंच. कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, वीस-तीस सेकंद उघडं ठेवायचं, इमारत हलत नाही म्हणून ती खणखणीत शार्प येते आणि तिच्या भोवती फिरणारी गाडी स्वतः दिसतच नाही, दिसते फक्त तिच्या लाईटची रेघ. आता गोल इमारत आणि तिच्याभोवती गोल फिरणारी रेघ, यासाठी गोलाईसारखी दुसरी जागा आख्ख्या मराठवाड्यात मला तरी माहीत नाही. 1917 साली बांधलेली ही दुमजली गोल इमारत, मधे देवीचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे 16 रस्ते. लातूरकरांना यात काही विशेष वाटत नाही, ते तिथं मिरची आणि गूळ घ्यायला जातात, मी पण लहानपणी आईचा हात धरून त्याच कामासाठी जायचे आणि दरवेळी कुठल्या रस्त्यानं आलो हे विसरायचे.

याआधी संभाजीनगरला (नोकरी तिथंच आहे माझी) भडकल गेटवर हात मारून झाला होता. मलिक अंबरनं 1612 ला बांधलेला दरवाजा, एवढा देखणा, आणि रस्त्यावरच असल्यामुळं कुणाला विचारायला नको. आत स्मारकात ट्रायपॉड लावायचा म्हणलं की पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्या भानगडीत मी पडत नाही. तर तिथं मी काय चूक केली, दरवाजाच्या अगदी पुढ्यात उभं राहून कॅमेरा वर केला. घरी येऊन बघते तर दरवाजा मागं कलंडलेला, भिंती वरती एकमेकींकडं झुकलेल्या, जणू चारशे वर्षं उभा राहून आत्ता दमलाय. कॅमेरा वर तोंड करून धरला की उभ्या रेघा वर जाऊन जवळ येणारच. सॉफ्टवेअरमधे सरळ करता येतात पण मग बाजू कापल्या जातात आणि मी फ्रेम आधीच इतकी आवळून घेतली होती की कापायला काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून ठरवलं, एक तर लांब जायचं नाहीतर उंच जायचं. कॅमेरा पाणसाळीत पाहिजे, वर नाही खाली नाही.

गोलाईत लांब जायला जागा नाही. म्हणून उंच. काकांच्या पलीकडं एक कापडाचं दुकान आहे, त्याच्या गच्चीवरून गोलाईची इमारत जवळपास डोळ्यांच्या पातळीला येते. दुकानदार दादा आधी नाहीच म्हणाले, मग मी तिथंच दोन ड्रेस मटेरियल घेतले आणि मग ते हो म्हणाले. (एक अजून तसंच पडलंय, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.)

सोबत भाचा होता. बारावी, नीट, सकाळी ट्यूशन दुपारी ट्यूशन, लातूरच्या पोरांचं तुम्हाला माहितीच आहे. त्याला दोन तासांची सुट्टी मिळावी म्हणून मी त्याच्या आईला सांगितलं की फिजिक्सचंच काम आहे, आणि ते खोटं पण नव्हतं. दिवाळी नुकतीच झालेली, दुकानांवरच्या माळा अजून काढलेल्या नव्हत्या, सूर्य मावळायची वेळ पावणेसहाच्या आसपास. आम्ही पाच वाजताच गच्चीवर.

लवकर जायचं कारण सांगते. नेटवर जे व्हिडिओ बघून मी शिकले ते सगळे तिकडचे, लंडन बिंडनचे. त्यात तो माणूस निवांत सांगतो, सूर्य मावळला की थांबा, कॉफी घ्या, मग फ्रेम शोधा. त्याला परवडतं ते. तिकडं उन्हाळ्यात सूर्य तिरका तिरका सरकत खाली जातो, संधिप्रकाश पाऊण तास टिकतो. आपल्याकडं सूर्य जवळजवळ सरळ खाली पडतो, मावळल्यावर वीस-बावीस मिनिटांत खेळ संपत येतो. आणि त्यातही खरी कामाची दहा-पंधरा मिनिटंच, जेव्हा आकाश निळंशार असतं पण काळं नसतं, आणि बल्ब लागलेले असतात पण डोळ्यात घुसत नाहीत. दोघांचा उजेड बरोबरीला आलेला. त्याच्या आधी काढला तर दुपारी काढल्यासारखा गढूळ, नंतर काढला तर काळं आकाश आणि त्यात पांढरे फटफटीत डाग. त्या पंधरा मिनिटांत फ्रेम शोधायला बसलात तर संपलं. फ्रेम उजेडीच ठरवायची, ट्रायपॉड आवळायचा, फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाकायचा, आणि मग नुसतं बसायचं.

फ्रेम ठरवताना माझा आणि भाच्याचा वाद झाला. त्याचं म्हणणं, मावशी सगळे 16 रस्ते आले पाहिजेत. अरे बाबा ते ड्रोनचं काम. मी म्हणलं एकच रस्ता घ्यायचा, खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत येणारा, तो गोलाईला जाऊन मिळतो आणि तिथून नजर वळसा घेत इमारतीच्या मागं जाते. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो त्यामुळं सगळी वर्दळ घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, म्हणजे कुठं उभं राहिलात की पांढऱ्या हेडलाईटच्या रेघा मिळतील आणि कुठून लाल, हे आधीच सांगता येतं. मला लाल हव्या होत्या, इमारतीवर पिवळा उजेड होता म्हणून. वर आकाशाला एक तृतीयांशपेक्षा जास्त दिलं नाही, कारण नोव्हेंबरात आपल्या आकाशात ढग कुठले. आणि एक वायर. ती वायर बरोबर कळसावरून जात होती. ट्रायपॉड दीड हात उजवीकडं सरकवला तेव्हा ती कळसाच्या खाली गेली. त्या दीड हाताला आमची वीस मिनिटं गेली.

मधल्या वेळात मी बॅगेतून एनडी फिल्टर काढला, म्हणजे काळी काच, उजेडातही शटर लांबवण्यासाठी. दहा स्टॉपची. भाच्याला म्हणलं, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, मग दहा स्टॉप म्हणजे किती? त्यानं वर पण न बघता सांगितलं, "मावशी ही तर जीपी झाली, एक हजार चोवीस." (जीपी म्हणजे दरवेळी त्याच पटीनं वाढत जाणारी श्रेणी, इथं दुप्पट दुप्पट.) म्हणजे एक पंधरांश सेकंदाचा फोटो अडुसष्ट सेकंदांवर जातो, आणि तीस सेकंदांच्या पुढं बल्ब मोड (आपण बंद करेपर्यंत शटर उघडंच) लावून हातानं मोजावं लागतं. काढला एक. स्वस्तातली काच, सगळी गोलाई विटकरी रंगाची आली. ढग पळत असतील तर या काचेची मजा, आषाढ-श्रावणात परत बघू म्हणून ठेवून दिली.

पहिला खरा फोटो पाच सत्तावन्नला. एफ आठ (लेन्सचं भोक किती उघडं तो आकडा), आयएसओ शंभर (उजेड किती पटकन टिपायचा तो आकडा), चार सेकंद. झूम करून बघते तर सगळं हलकं हललेलं. लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, चालू राहिलं होतं, ट्रायपॉडवर ते बंद करायचं असतं नाहीतर ते नसलेलं हलणं शोधत बसतं. बंद केलं. परत हललेलं. मग भाच्यानं ट्रायपॉडच्या पायाला हात लावला आणि म्हणाला थरथरतंय की हे. गच्चीवर पाण्याची मोटर चालू होती! दादांना खाली हाक मारून ती बंद करायला लावली, तोवर सहा वाजून एक.

त्यानंतर मात्र जमायला लागलं. दोन सेकंदाचा टायमर लावायचा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का जातो, मग हात मागं घेऊन गप्प. एफ अकरावर बल्बना चांदणीसारखी टोकं येतात, माझ्या लेन्सच्या भोकाला सात पाती आहेत, विषम, म्हणून दुप्पट म्हणजे चौदा टोकं, पाती सम असतील तर जितकी पाती तितकीच येतात. आठ सेकंद, मग पंधरा. पडद्यावर एकेक फोटो उमटायचा तेव्हा आम्ही दोघं डोकी जवळ आणून बघायचो. चालणारी माणसं गायब. एवढी गोलाईतली गर्दी, एक माणूस दिसत नाही, पण पायरीवर बसलेली एक आजी पदरासकट स्वच्छ. रस्त्याच्या मधोमध एक गाय बसली होती, ती शिंगांपासून शेपटीपर्यंत शार्प आणि फक्त तोंड पुसलेलं, कारण ती रवंथ करत होती. आणि मोटरसायकलच्या लाल रेघेशेजारी पिवळे ठिपके ठिपके, समान अंतरावर, शिवण घातल्यासारखे. भाच्याला कळेना काय आहे, मग पेटली ट्यूब, इंडिकेटर! वळायचं नसताना तसाच चालू राहिलेला, आपल्याकडं असतो तसा.

आणि मग सहा चारला लाईट गेली.

गोलाईत लाईट जाते तेव्हा एक आवाज येतो, सगळीकडून एकदम, तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. माळा गेल्या, इमारत गेली, मंदिराचे दिवे गेले. दोन-चार इन्व्हर्टर आणि गाड्यांचे दिवे तेवढे राहिले. माझी ती पंधरा मिनिटं डोळ्यांदेखत वितळत होती, आकाश दर मिनिटाला एक पट्टी गडद. भाचा म्हणाला थांब, येईल. सहा सहा. सहा आठ. खालून दादा ओरडले, "ताई, चहा सांगू का?" सहा नऊला मी चिडून, आता काही होत नाही पण कार्ड तरी भरू दे म्हणून, तीस सेकंदांचा लावला आणि बटण दाबलं. गडद गोलाई आणि गाड्यांच्या रेघा, येईल ते येईल. मनात मोजत होते, बावीस, तेवीस, चोवीस, आणि लाईट आली. खालून परत तोच आवाज, यावेळी खुशीतला. मी म्हणलं मेले, हा पण गेला.

पडद्यावर बघितलं आणि गप्प बसले. आकाशाला पूर्ण तीस सेकंद मिळाली होती म्हणून ते अजून निळं होतं, आणि बल्बना मिळाली जेमतेम सहा, म्हणून एकही डाग फुटला नव्हता. दोघांचा उजेड बरोबरीला. लगेच तीच सेटिंग ठेवून पुढचा काढला, सगळे दिवे पूर्ण वेळ चालू, तर माळांचे नुसते पांढरे गोळे. बारा मिनिटं जे हातानं जुळवता येत नव्हतं ते लाईट जाऊन येण्यानं जुळलं. नंतर वाचलं की काही लोक मुद्दाम असं करतात, लेन्सपुढं काळं कार्ड धरून दिव्यांचा भाग थोडा वेळ झाकतात. कुणी दोन फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडतात. मी तसं करून बघितलं, चांगलं येतं, फक्त कळसाच्या कडेला जोड बसवताना डोळे जातात.

एक सांगायचं राहिलं, कॅमेऱ्यात लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन म्हणून एक ऑप्शन असतो, लांबलेल्या फोटोतले बारके ठिपके पुसणारा, तो बंद ठेवा. चालू असेल तर तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद डोळे मिटून बसतो, आणि आपल्याकडं एवढा वेळ नाही हे वर सांगितलंच.

खाली उतरून दादांना फोटो दाखवला. चष्मा लावून, कॅमेरा लांब धरून, जवळ धरून, बराच वेळ बघितला त्यांनी. मला वाटलं आता काहीतरी छान म्हणतील.

"झाक आलाय," म्हणाले, "पर आपलं दुकान कुठं दिसंना की यात."