रेणापूर: गाव लातूरला, आमदार बीडचा

गोपीनाथ मुंडे 'परळीचे आमदार' होते असं सर्रास लिहिलं जातं. विधानसभेच्या नोंदीत मात्र ते शेवटपर्यंत रेणापूरचे आमदार होते. १९८० ला पहिल्यांदा निवडून आले, १९८५ ला काँग्रेसच्या पंडितराव दौंडांकडून हरले, मग १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ असे सलग चार विजय. विरोधी पक्षनेते असतानाही आणि १९९५ ते १९९९ या काळात उपमुख्यमंत्री असतानाही मतदारसंघ तोच. ज्या गावाचं नाव या मतदारसंघाला होतं ते गाव मधल्या काळात शेजारच्या जिल्ह्यात गेलं, तरी नकाशा जागचा हलला नाही. हे कसं झालं आणि शेवटी रेणापूरचं नाव यादीतून का गेलं, हे समजायला राजकारणापेक्षा आकडेमोड जास्त उपयोगी पडते.

१९७६ च्या पुनर्रचनेपासून, म्हणजे लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखण्यापासून, सुरुवात करू. तिला आधार होता १९७१ च्या जनगणनेचा. राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख, जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे सरासरी पावणेदोन लाख माणसं. त्या वेळी रेणापूर मंडळ (महसुलासाठी केलेला गावांचा गट) बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यात होतं. रेणापूर आणि परळीचा भाग मिळून एक मतदारसंघ होणं त्यामुळे स्वाभाविकच होतं. मतदारांचं वजन परळीकडे झुकलेलं, पण पाटी रेणापूरची.

त्याच वर्षी ४२वी घटनादुरुस्ती आली. २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत मतदारसंघांना हात लावायचा नाही, असं ठरलं. महसूल खात्याला असं कुठलं बंधन नव्हतं. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादचे तुकडे होऊन लातूर जिल्हा झाला आणि त्यात अंबाजोगाई तालुक्यातून रेणापूरचा भाग जोडला गेला. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता, कारण रेणापूरकरांना लातूर शहर अगदी जवळ. पुढे रेणापूर स्वतंत्र तालुकाही झाला. निवडणुकीच्या नकाशावर मात्र यातलं काहीच उमटलं नाही. सातबारा, रेशनकार्ड, जिल्हा परिषद सगळं लातूरचं. विधानसभेचं मत बीडच्या खात्यात. पुढच्या पाचही विधानसभा निवडणुका अशाच झाल्या.

गोठवलेली पुनर्रचना पुन्हा सुरू झाली ती २००२ च्या कायद्याने. न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष. आधी १९९१ ची जनगणना धरायची होती. २००३ च्या ८७व्या घटनादुरुस्तीने ती बदलून २००१ ची धरली गेली. राज्याच्या एकूण जागा २८८ च राहणार होत्या, फक्त त्यांची वाटणी नव्याने. आता इथे कागद-पेन्सिल घ्या.

राज्याची २००१ ची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. भागिले २८८, म्हणजे ३,३६,३८४. हा झाला एका जागेचा भाव. बीड जिल्हा २१,६१,२५०, भागाकार ६.४२, म्हणून सहा जागा. लातूर २०,८०,२८५, भागाकार ६.१८, तिथेही सहा. लातूरच्या आधीही सहाच होत्या. बीडच्या मात्र सात होत्या: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, चौसाळा, केज आणि रेणापूर. म्हणजे एक जाणार हे भागाकारातच ठरलं.

आता खरी गंमत. बीडचा भागाकार साडेसहाला, म्हणजे सातला गोल होण्याइतका, पोहोचायला २१,८६,४९६ माणसं लागत होती. कमी पडली २५,२४६. रेणापूर तालुक्याची लोकसंख्या याच्या कितीतरी पुढे आहे. दुसरीकडे लातूरला साडेपाचाच्या खाली यायला सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गमवावी लागली असती, म्हणजे रेणापूर वजा करूनही लातूरच्या सहा जागा शाबूत. थोडक्यात, रेणापूर १९८२ ला बीडमध्येच राहिलं असतं तर भागाकार बीडला सातवी जागा देत होता आणि लातूरचं काही बिघडत नव्हतं. राज्याची बेरीज २८८ च्या वर जाऊ द्यायची नसल्याने आयोगाने कुठेतरी कात्री लावली असती, त्यामुळे सातवी जागा पक्की होती असं म्हणणं जास्तीचं होईल. पण बीडची जागा 'राजकारण्यांनी घालवली' असं जे बोललं जातं, त्यापेक्षा १९८२ ची जिल्हाबदल हे कारण मला जास्त वजनदार वाटतं. कमी झालेल्या जागा शहरांकडे वळल्या. एकट्या ठाणे जिल्ह्याच्या तेव्हा १३ च्या २४ झाल्या.

जागा मोजून झाल्यावर रेषा ओढण्याचं काम. १५ फेब्रुवारी २००४ ला असलेल्या तालुका-जिल्ह्यांच्या हद्दी प्रमाण मानायच्या आणि मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडणार नाही हे पाहायचं, असं सूत्र होतं. शिवाय सरासरीपासून फरक शक्यतो दहा टक्क्यांच्या आत. या सूत्रात दोन जिल्ह्यांत पाय असलेलं रेणापूर बसणं शक्यच नव्हतं. बीडमध्ये परळी तालुका आणि अंबाजोगाई तालुक्याचा काही भाग मिळून २३३ परळी झाला. रेणापूर तालुका, लातूर तालुक्याचा भाग आणि औशाचा थोडा भाग मिळून २३४ लातूर ग्रामीण. क्रमांक लागोपाठ आहेत ते बीडची यादी संपून लातूरची सुरू होते म्हणून. त्यात जुन्या नात्याचा काही संबंध नाही. चौसाळा आणि लातूरमधला हेर हे मतदारसंघही याच फेरीत गेले.

रेणापूरच्या मतदाराला आणखी एक बदल जाणवला असेल. तो आता लातूर लोकसभेत आला आणि लातूर २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

१९ फेब्रुवारी २००८ ला अधिसूचना निघाली, पण चालू विधानसभेला धक्का नव्हता. मे २००९ मध्ये मुंडे बीडमधून लोकसभेवर गेले तेव्हा विधानसभेची मुदत वर्षभराहूनही कमी उरली होती, म्हणून पोटनिवडणुकीचा प्रश्नच आला नाही. ऑक्टोबर २००९ ला मतदान झालं ते थेट नव्या नावांवर. परळीत पंकजा मुंडे दोनदा आणि त्यानंतर धनंजय मुंडे दोनदा. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला विलासराव देशमुखांचे चिरंजीव धीरज १,३५,००६ मतं घेऊन आले आणि दुसऱ्या क्रमांकावर २७,५०० मतांसह 'नोटा' होता! २०२४ ला तिथे भाजपचे रमेश कराड जिंकले.

जुन्या-नव्या निकालांची तुलना करणाऱ्यांसाठी थोडं. २००४ चं रेणापूर आणि २००९ चं परळी शेजारी ठेवून 'मतं इतकी वाढली' असं लिहू नका. मतदारच वेगळे आहेत. आधी १९७६ च्या आदेशातलं वर्णन काढा, मग २००८ च्या आदेशातली महसूल मंडळं आणि सजा (एका तलाठ्याकडची गावं) घेऊन गावांची यादी जुळवा. मंडळांची नावं मधल्या काळात बदललेली, फोडलेली असतात, म्हणून मंडळावर न थांबता गावापर्यंत उतरा. त्यानंतर फॉर्म २० (निकालाचा अधिकृत तक्ता) मधली मतदान केंद्रनिहाय मतं गावाच्या नावाने बेरीज करा. केंद्र क्रमांकाने जुळवलंत तर हमखास फसाल, कारण पुनर्रचनेनंतर क्रमांक नव्याने पडतात. आणि जुन्या 'लातूर'ची बेरीज आजच्या 'लातूर शहर'शी जुळत नाही म्हणून डोकं धरू नका. ते दोन वेगळे मतदारसंघ आहेत.