झडतीचा सराव

अमली पदार्थ वापरणाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या आउटरीच वर्करना कायदा शिकवायला मी अधूनमधून जाते. परवाचं प्रशिक्षण म्हापशात होतं. पेडणे, डिचोली, कळंगुट अशी सगळीकडची मंडळी होती. बरेच जण स्वतः कधीकाळी नशा टोचून घेत असत. आता तशी नशा करणाऱ्यांना, एचआयव्ही पसरू नये म्हणून, नव्या सुया देतात, वापरलेल्या गोळा करतात.

कलमं सांगून झाली आणि झडतीचा सराव घेतला. पोलीस मी झाले. समोर पेडण्याचे एक भाई, या कामातले सगळ्यांत जुने. आवाज चढवून म्हटलं, "ए, थांब! बॅगेत काय?" भाई चपला बाजूला काढून उकिडवे बसले, दोन्ही हात डोक्यावर. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. खोलीत कुणीही हसलं नाही. बसायची ती पद्धत बहुतेकांना ठाऊक होती.

मी हात देऊन उठवलं. "मॅडम, आपसूक झालं," एवढंच म्हणाले.

मग फळा बाजूला ठेवला. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, झडतीबद्दलचं कलम ५० पाठ असून काय उपयोग, तोंडातून शब्दच फुटत नसेल तर? अंगझडती घ्यायची तर ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असं मागता येतं, आणि हा हक्क पोलिसांनी आधी सांगायचा असतो. बाईची झडती बाईच घेणार. मात्र हे अंगझडतीपुरतं. हातातल्या बॅगेला कलम ५० लागत नाही. हे स्पष्ट सांगावंच लागतं, नाहीतर पोरं रस्त्यावर बॅगेवरून वाद घालून मार खातील. म्हणून आम्ही वाक्यं घोटली, नरम आवाजातली: "साहेब, मी प्रकल्पाचा माणूस, हे ओळखपत्र. डब्यात वापरलेल्या सुया आहेत, हाताला लागतील, जपून." भाईंनी ते पुन्हा पुन्हा म्हटलं. शेवटी उभं राहून.

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चाललेलं संसर्ग रोखण्याचं काम गुन्हा ठरत नाही, असं त्याचं कलम २२ सांगतं. खाली उदाहरणच दिलंय: सुई-बदलीचं काम करणारा जुनी सुई घेऊन नवी देतो, देणारा दोषी नाही, घेणाराही नाही. मी मराठीत सांगितलं तेव्हा भाई म्हणाले, "हे आमचंच लिहिलंय की! परत सांगा." परत सांगितलं. त्या पानाची झेरॉक्स आता प्रत्येकाच्या बॅगेत आहे.

सगळ्यांत जास्त वेळ गेला सह्यांवर. पंचनामा इंग्रजीत, वाचून कोणी दाखवत नाही, 'इथे सही कर' म्हटलं की माणूस करतो. माझ्या मते निम्मी केस तिथेच हातची जाते. अटकेचं कारण विचारा, घरच्यांना कळवायला सांगा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायला हवं हे लक्षात ठेवा. कोठडीतल्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. त्यांचा नंबर १५१००.

उठता उठता कळंगुटच्या मुलीने विचारलं, "माझा एक क्लायंट सेवनाच्या केसमध्ये अडकलाय. आता व्यसन सोडायची औषधं घ्यायला तयार आहे. सुटेल?" एनडीपीएसचं कलम ६४-अ त्याच्यासारख्यांसाठीच आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वखुशीने उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं; उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. आरोपपत्रात कलम नेमकं कोणतं लावलंय ते आधी बघायला हवं. तिने तिथूनच त्याच्या आईला फोन लावला आणि कोर्टाचे सगळे कागद घेऊन सोमवारी माझ्याकडे यायला सांगितलं.