एका मागावर घर चालत नाही

रविवार, रात्री साडेदहा

ऊन उतरलं तरी गच्ची भट्टीसारखीच होती, म्हणून आज हॉलमध्येच चादर अंथरून सेव्हन वंडर्स या पानांच्या खेळाचा डाव मांडला. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पानं उडतात. सोलापूरच्या मे महिन्यात खेळासाठी यापेक्षा मोठा त्याग नसेल.

अप्पा आज पहिल्यांदाच बसले. हातात 7 पानं, त्यातलं एक ठेवायचं, उरलेली शेजाऱ्याला द्यायची; असं करत 3 युगांत आपापलं शहर उभं करायचं. "म्हणजे आपल्याला नको ते शेजाऱ्याला," अप्पा म्हणाले. झालं, समजलं.

खेळ 2010 चा, फ्रान्सच्या आंत्वान बोझाचा. पण त्यात मागाचंही पान आहे, त्यातून कापड मिळतं. अप्पांनी ते लगेच उचललं. 35 वर्षं पूर्व भागात यंत्रमाग चालवलेला माणूस दुसरं काय उचलणार! दुसऱ्या युगात पुन्हा माग आला, तोही लावायला निघाले. एकाच नावाची इमारत आपल्या शहरात दोनदा बांधता येत नाही, हे लेकीने पुस्तिकेत बोट ठेवून दाखवलं.

"एका मागावर कुणाचं घर चाललंय का?" अप्पा चिडलेच. मग त्यांनी ते पान उलटं करून आपल्या ऑलिंपियाच्या, म्हणजे वाट्याला आलेल्या आश्चर्याच्या पाटीवरच्या, पायरीखाली सरकवलं. चौघांच्या डावात दुसऱ्या युगात माग एकच असतो, म्हणजे आता तो कुणालाच नाही. 'आपल्याला नको ते शेजाऱ्याला' कुठल्या कुठे गेलं.

तिसऱ्या युगात माझ्या हातात राजवाडा आला. 8 गुणांचा, पण साती वस्तू लागतात. लाकूड, दगड, विटा, धातू, काच, पपायरस सगळं जमलेलं. घोडं अडलं कापडावर. शेजाऱ्याकडून ते 2 नाण्यांना मिळतं. माझ्याकडे 1. बाजारपेठेचं पान असतं तर एकात भागलं असतं, पण पहिल्या युगात ते मीच 'बघू नंतर' म्हणत डावीकडे सोडलं होतं. डावीकडे अप्पाच.

"अप्पा, एक नाणं उधार द्या की."

"उधारी बंद आहे."

हसलेसुद्धा नाहीत. हातात ठेवला असता तर राजवाडा पुढच्या फेरीत त्यांच्याकडेच गेला असता, आणि त्यांचं कापड तर घरचंच. म्हणून विकून टाकला, 3 नाण्यांना. बायको अजून हसतेय.